खराटा, पोच आणि राष्ट्रीय सेवा योजना

दत्तक गावातील शिबिराचा तिसरा दिवस होता. सकाळचे आठ वाजले असतील. समाजमंदिरासमोरचा रस्ता झाडण्याचे काम त्या दिवशी अकरावीच्या एका गटाकडे होते. कळमनुरी तालुक्यातील एक पालक मुलाला भेटण्यासाठी सायकलवर आले होते. ते रस्त्यावर थांबले, मुलाजवळ गेले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी त्याच्या हातातला खराटा काढून घेतला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, माझ्या आज्यानं गाव झाडलं, बापानं झाडलं. पोरगं शिकावं म्हणून तुमच्या हवाली केलं. तुम्ही बी त्याच्या हातात खराटाच दिला व्हय?”

त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. श्रमप्रतिष्ठेवरचे व्याख्यान तोंडपाठ होते, पण त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहून ते उच्चारण्याचे धाडस झाले नाही. आम्ही त्यांना चहा दिला, मुलाला त्यांच्याशेजारी बसवले आणि झाडण्याचे काम स्वतः पुरे केले. पुढे कित्येक वर्षे, कधी थेट, कधी आडवळणाने, हाच प्रश्न पालकांकडून येत राहिला. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालायचे म्हणजे नेमके काय? त्यातून मुलाला काय मिळते? गरिबांच्या मुलांनी गरिबांची सेवा करायची, तर मग श्रीमंतांच्या मुलांनी काय करायचे? स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत, असे ठरवले.

प्रथम योजनेविषयी. विद्यार्थ्यांनी शिक्षणाबरोबर काही काळ राष्ट्रासाठी द्यावा, ही कल्पना स्वातंत्र्याबरोबरच पुढे आली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने ती स्वेच्छेच्या पायावर सुचवली होती. १९५९ साली डॉ. चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे तेच हे देशमुख. त्यांच्या समितीची शिफारस कडक होती : विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी. खर्च आणि व्यवस्था यांचा विचार करता सरकारला ते झेपणारे नव्हते. पुढे के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून ऐच्छिक मार्ग सुचवला, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची जोड असावी असे म्हटले, आणि अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या तारखेपाशी थोडे थांबावेसे वाटते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. आणि २४ सप्टेंबर हाच राष्ट्रीय सेवा योजनेचा दिन. योजना आखणाऱ्यांच्या मनात हे असण्याचे कारण नाही; हा योगायोगच. परंतु आपल्या शाळेत तो दिवस साजरा करताना आम्ही तिन्ही प्रसंग फळ्यावर एकाखाली एक लिहितो. सेवा, हक्क आणि सत्यशोधन या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या की प्रत्येक अधू होते, हे मुलांना त्यावरून सांगणे सोपे जाते.

योजनेची रचना साधी आहे. महाविद्यालयात किंवा अकरावी-बारावीच्या वर्गात शिकणारा विद्यार्थी स्वेच्छेने नाव नोंदवतो. वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास त्याने समाजकार्यासाठी द्यावयाचे. शिवाय दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर. काम पाहण्यासाठी एक शिक्षक कार्यक्रम अधिकारी असतो. मुलाला मानधन नाही. शिबिरातील भोजनाचा खर्च योजनेच्या अनुदानातून होतो. दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. बोधचिन्हावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. बोधवाक्याचा आशय असा की, मी नव्हे तर तुम्ही. पालकांनी आमच्या कार्यालयात येऊन संमतिपत्रावर सही करावयाची असते. मुलींच्या पालकांना सांगावेसे वाटते की मुलींचा मुक्काम स्वतंत्र असतो आणि शिक्षिका सोबत राहतात. हे नसेल तर आम्ही शिबिर घेतच नाही.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शिक्षण संपलेल्या वा सुटलेल्या तरुणांसाठी दुसरी वाट होती. नेहरू युवा केंद्रांची स्थापना १९७२ची. त्यांच्यामार्फत २०१०-११पासून राष्ट्रीय युवा स्वयंसेवक नेमले जाऊ लागले. वय १८ ते २९, शिक्षण किमान दहावी, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे आणि दरमहा ५,००० रुपये मानधन, अशी आखणी होती. दर तालुक्यास साधारण दोन तरुण. आपल्या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे पाच तालुके. म्हणजे दहा जण. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि दर शंभरातले सुमारे पंच्याऐंशी लोक खेड्यांत राहत होते. दहा तरुण आणि एवढा जिल्हा! तरीही आमचे काही माजी विद्यार्थी या वाटेने गेले आणि त्यांना तालुक्याची कार्यालये, तेथील टेबले आणि टेबलांमागची माणसे यांची जी ओळख झाली, ती कोणत्याही पदवीने झाली नसती.

अमेरिकेत १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा आर्थिक संधी कायद्याखाली ‘व्हिस्टा’ नावाचे स्वयंसेवक दल उभे राहिले. १९९३पासून ते ‘अमेरिकॉर्प्स’ या मोठ्या योजनेचा भाग झाले. त्यातील स्वयंसेवक वर्षभर पूर्णवेळ गरीब वस्तीत राहून काम करतो आणि त्याला मिळणारा निर्वाहभत्ता मुद्दाम त्या वस्तीच्या उत्पन्नाच्या जवळपास ठेवलेला असतो. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याइतक्याच पैशांत जगून पाहावे, हा त्यामागचा हेतू. आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, मग आपण तर जन्मापासून त्याच योजनेत आहोत.” वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण त्या वाक्याने मूळ प्रश्न नेमका पकडला होता. तिकडचा आणि आपल्याकडच्या मोठ्या महाविद्यालयांतला स्वयंसेवक गरिबीकडे ‘जातो’. आपला विद्यार्थी गरिबीतूनच आलेला असतो. मग त्याच्यासाठी सेवेचा अर्थ कोणता?

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार बाबासाहेबांनी एका पत्रात करून ठेवला आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या सभांतून त्या पत्राचा उल्लेख क्वचितच होतो. पुणे करारानंतर काही दिवसांतच मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर सरचिटणीस. पुढे तीच हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून, त्यांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहून या संस्थेने काम कसे करावे हे कळवले.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. दलितांच्या उद्धाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक म्हणते की माणसाची दुर्दशा त्याच्या वैयक्तिक वागणुकीतून येते. म्हणून त्याला दारू सोडायला लावा, व्यायामशाळा काढा, वाचनालये, सहकारी संस्था आणि शाळा काढा, म्हणजे तो सुधारेल. दुसरी म्हणते की माणसाचे भवितव्य त्याच्या भोवतालच्या परिस्थितीने ठरते. परिस्थिती अन्याय्य असेल तर ती बदलली पाहिजे. बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे दुसरी बाजू घेतली. पहिल्या वाटेने फार तर निवडक व्यक्तींचे भले होईल, संपूर्ण वर्गाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी सुचवलेला कार्यक्रम वेगळाच होता : विहिरीचे पाणी, शाळेतला प्रवेश, रस्ता, गाडी अशा नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम, गिरण्यांपासून दुकानांपर्यंत रोजगारात समान संधी, आणि स्पृश्यास्पृश्यांचा प्रत्यक्ष सामाजिक व्यवहार. अशा मोहिमेने गावात संघर्ष होईल हे त्यांनी लपवले नाही. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो दलित वर्गातूनच घ्यावेत, असे सांगताना त्यांनी टॉलस्टॉयचा हवाला दिला. ज्याच्या मनात प्रेम आहे त्यालाच सेवा जमते. भाडोत्री माणसाला आज हे काम काय आणि उद्या दुसरे काय, सारखेच.

१९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी हे पत्र छापले. पत्राची साधी पोचही आपल्याला मिळाली नाही, असेही त्यांनी तेथे नमूद केले आहे.

हे पत्र आम्ही नव्याने वाचले ते त्या खराट्याच्या प्रसंगानंतर. आणि आमच्या शिबिरांच्या जुन्या नोंदवह्या काढून पाहिल्या तेव्हा शरम वाटली. ग्रामस्वच्छता, व्यसनमुक्ती फेरी, वृक्षारोपण, व्यक्तिमत्त्वविकासावर व्याख्यान, सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. सारे पहिल्या दृष्टीचे. आंबेडकरी संस्थेची शाळा, भिंतीवर बाबासाहेबांचे तैलचित्र, आणि शिबिराचा कार्यक्रम बाबासाहेबांनी बाजूला सारलेला! झाडणे वाईट असे नव्हे. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावे झाडली आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पण गाडगेबाबा झाडू लागले की गावाच्या पाटलाला आणि सावकाराला लाजेकाजेने हातात झाडू घ्यावा लागे. आमच्या शिबिरात आमची मुले झाडत होती आणि गाव ओट्यावर बसून पाहत होते. त्या पालकांना नेमके तेच खुपले होते. निजामी राजवटीत आणि त्यापूर्वीही मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांनी जी वेठ केली, तिच्यात आणि या दृश्यात पाहणाऱ्याला फरक दिसत नव्हता. वेठ आणि सेवा यांतला फरक करणाऱ्याच्या मनात असून भागत नाही, तो बघणाऱ्यालाही दिसला पाहिजे.

यापेक्षाही मोठी चूक आमच्या हातून होता होता राहिली. एका वर्षी गावच्या गायरानावर रोपे लावण्याचे ठरले होते. जागा ग्रामपंचायतीने दाखवली होती, खड्डे खणायला सुरुवात झाली होती. एवढ्यात एक वृद्ध बाई येऊन खड्ड्यात उभ्या राहिल्या. “हिथं माझी ज्वारी असती दरसाल,” एवढेच त्या म्हणत राहिल्या. चौकशीअंती कळले की ते कुटुंब भूमिहीन आहे आणि तो तुकडा ते दोन पिढ्या कसत आले आहे. मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न म्हणजे काय, हे आम्ही वर्गात शिकवतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ सालच्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९०पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढला. हे सारे पाठ असूनही आमच्याच विद्यार्थ्यांच्या हातातल्या फावड्यांनी एका भूमिहीन बाईचे शेत पर्यावरणाच्या नावाने जाणार होते. आम्ही खड्डे बुजवले. त्या संध्याकाळी व्याख्यान रद्द करून मुलांनी त्या बाईंच्या घरातले कागद तपासले : दंडाच्या जुन्या पावत्या, एक पंचनामा. त्यांच्या कुटुंबाला त्या पावत्यांचे मोल ठाऊक नव्हते. अतिक्रमणाचा दंड भरल्याची पावती हाच तेथे कसत असल्याचा पुरावा ठरतो.

तेव्हापासून आमच्या शिबिराचा क्रम उलटला. आधी सर्वेक्षण, मग काम.

सर्वेक्षण हा शब्द मोठा वाटतो, प्रत्यक्षात ते घरोघरी जाऊन बसणे असते. दोघादोघांच्या जोड्या, एक मुलगा नि एक मुलगी, हातात वही. शिधापत्रिका आहे का, कोणत्या रंगाची, तिच्यात सुनेचे नाव चढले आहे का. घरात विधवा, अपंग, निराधार कोणी आहे का. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला होता का, केला असल्यास कोठे अडला. त्या योजनेला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयांची. मोलमजुरी करणाऱ्या घरालाही तेवढ्याचा दाखला मिळवताना किती नाकीनऊ येतात, हे मुलांना तेथेच कळते. मुलांचे जातप्रमाणपत्र आहे का. नसेल तर पुरावा कोणता. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीच्या वास्तव्याचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा लागतो. १९५० म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात येऊन जेमतेम दोन वर्षे झालेली. त्या आधीचे दप्तर पुष्कळसे उर्दूत. आजोबांचे नाव उर्दू नोंदीत असते आणि नातवाला ते वाचता येत नाही. आम्ही वसमतच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे अशा नकला घेऊन जातो; ते चष्मा पुसून शांतपणे नाव वाचून दाखवतात. इतिहास विषयाचा एवढा थेट उपयोग आम्हांला विद्यापीठात कोणी सांगितला नव्हता.

परंतु खरी अडचण दुसरीच निघाली. शिबिर आम्ही जानेवारीत घेत असू. कयाधूकाठच्या त्या गावात बौद्धवाड्यात नि तांड्यावर गेलो तर अर्ध्याहून अधिक दारांना कुलपे. ओट्यावर एखादी म्हातारी, तिच्याभोवती दोनतीन नातवंडे. बाकी सारे ऊसतोडीला. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. म्हणजे गरिबीशी लढण्यासाठी आम्ही ज्या आठवड्यात गावात पोहोचत होतो, त्या आठवड्यात गावातले सर्वांत गरीब लोक गावातच नव्हते! ही गोष्ट लक्षात यायला आम्हांला पाच-सहा शिबिरे लागली. आमची सोय सहामाही परीक्षेवरून ठरत होती, त्यांचे आयुष्य साखर कारखान्याच्या हंगामावरून.

मग आम्ही सर्वेक्षण दसऱ्याआधी घेऊ लागलो. त्या वर्षी मुलांनी गावात रोजगार हमीची मागणी भरून घेण्याचे ठरवले. येथे थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल, कारण तरुण वाचकांना ही कथा ठाऊक नसते. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. आम्ही तेव्हा रांगत होतो. आई सांगते की खडी फोडण्याच्या कामावर ती आम्हांला झाडाखाली झोळीत टांगून ठेवत असे आणि दुपारी सुकडी मिळे. त्याच दुष्काळाच्या वेळी, १९७३ साली, राष्ट्रीय सेवा योजनेने ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या सूत्रावर शिबिरे घेतली होती. आईला कॉलेजची पोरे आठवत नाहीत, हजेरीपट आठवतो. त्यावर तिचे नाव होते. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा तिचे नाव कोणत्या सरकारी कागदावर आले होते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला १९७७ साली महाराष्ट्राने कायद्याचे रूप दिले, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला आणि त्याच्या खर्चासाठी शहरांतल्या नोकरदारांकडून व्यवसायकर घेतला गेला. मागेल त्याला काम. मेहेरबानी म्हणून नव्हे, कायद्याने. २००५ साली केंद्राने याच धर्तीवर कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातल्या ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत तो लागू झाला, त्यांत हिंगोली होता. त्या यादीत असणे ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हती, मागासलेपणाची ती पावती होती. पण हक्क हातात आला होता.

या कायद्याची सगळी ताकद एका चिठोऱ्यात होती. मजुराने लेखी मागणी केली आणि त्याला तारखेची पोच मिळाली, की पंधरा दिवसांत काम द्यावे लागे. न दिल्यास बेकारभत्ता. पोच नाही तर पंधरा दिवस मोजायचे कोठून? म्हणून गावोगाव अर्ज तोंडी ‘घेतले’ जात आणि पोच कोणालाच मिळत नसे. त्या गावातही तसेच झाले. वीस-बावीस मजुरांचे अर्ज घेऊन मुले ग्रामपंचायतीत गेली. “ठेवून जा, बघू,” असे उत्तर आले. आमच्या गटात बारावीची एक मुलगी होती, वर्गात फारशी न बोलणारी. ती म्हणाली, “काका, तारीख टाकून पोच द्या. आम्ही थांबतो.” आणि ती खाली बसली. तिच्यामागे मजूर बायका बसल्या. दुपारपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग गावातूनच कोणीतरी तालुक्याला फोन केला आणि चारच्या सुमारास पोच मिळू लागली. एकेका पोचेवर शिक्का उमटत होता तेव्हा बाबासाहेबांच्या त्या न मिळालेल्या पोचेची आठवण आम्हांला झाल्यावाचून राहिली नाही.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण स्मरणिकेत केवळ यशोगाथा छापण्याची आपल्याकडे रीत आहे. काम निघाले, पण पंधरा दिवसांत नव्हे. बेकारभत्ता कोणालाही मिळाला नाही. तीन-चार कुटुंबे त्या वर्षी ऊसतोडीला गेली नाहीत; बाकीची गेली. का गेली, असे विचारले तेव्हा एका कोयत्याने, म्हणजे एका जोडप्याने, सांगितले की पावसाळ्यात मुकादमाची उचल घेतलेली आहे. मुलीच्या बाळंतपणात आणि बियाण्यात ती खर्चही झाली. उचल घेतल्यावर पाय बांधलेले असतात. म्हणजे दसऱ्याआधीचे सर्वेक्षणही उशिराचेच होते. कामाची मागणी करायची तर ती उचल घेण्याआधी, जून-जुलैत. आणि उचल टाळायची तर आषाढ-श्रावणातल्या हातउसन्याची सोय दुसरीकडून व्हायला हवी. तिथे विद्यार्थी काय करणार? महिला बचतगटांशी या बाबतीत आम्ही दोन वर्षे बोलतो आहोत. अजून जमलेले नाही.

एक गोष्ट मात्र साधली. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आई-बाप परगावी असताना मूल गावीच राहावे, जेवावे, शाळेत जावे. सर्वेक्षणातून अशा मुलांची नावे आधीच हाती आल्यामुळे त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला प्रस्ताव वेळेत देता आला. रात्री मुलांजवळ थांबायला, अभ्यास घ्यायला आमचे स्वयंसेवक आळीपाळीने जात. त्यांचे १२० तास असे पुरे झाले. घरात आजी आहे, दोन वेळचे जेवण आहे आणि रात्री शेजारी एक दादा पुस्तक घेऊन बसला आहे, एवढ्यावर चौथीतले मूल गावात राहते, हे आम्ही पाहिले. आपल्या शाळेचे वसतिगृह तरी दुसरे काय आहे? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ साली आपल्या उद्दिष्टांत वसतिगृहे अग्रभागी ठेवली, त्यामागचा हिशेब हाच होता.

आणि खराटा? तो शिबिरात आजही आहे. नियम असे : आपण राहतो ती जागा आपण झाडायची, पाळी चिठ्ठी टाकून, शिक्षकांसह. गावाचा रस्ता झाडायचा असेल तर सरपंचांसह गावकरी आधी उतरतील, मग आमची मुले. एका गावात कोणी उतरले नाही; तो रस्ता तसाच राहिला. त्या गावात आम्ही सात दिवस कागदांचे काम केले.

सायकलवर आलेल्या त्या पालकांचा मुलगा पुढे दोन वर्षे योजनेत राहिला, नंतर तालुक्यात युवा स्वयंसेवक झाला. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी नोकरीत आहे. गेल्या वर्षी वडील पुन्हा भेटले. त्यांच्या गावातल्या एका विधवा सुनेचा निराधार योजनेचा अर्ज घेऊन आले होते. अर्जात एक दाखला कमी होता. “पोरगं हाय का एखादं मोकळं?” त्यांनी विचारले. आम्ही बारावीतल्या दोघांना त्यांच्यासोबत तहसीलला पाठवले.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी कोणी तलाठी आहे, कोणी ग्रामसेवक, कोणी वकील, परिचारिका, बँकेत लिपिक. स्मरणिकेसाठी देणगी देता, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. पण आमच्या मुलांना पैशांपेक्षा तुमचे दोन दिवस अधिक उपयोगी पडतील. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर का अडतो, हे तुम्हांला आतून ठाऊक आहे. पालकांनी संमतिपत्र शाळा उघडताच पाठवावे, कारण यापुढे सर्वेक्षणाची पहिली फेरी आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात घेणार आहोत, पेरणी आटोपली की लगेच. येणाऱ्यांची राहण्याची सोय वसतिगृहात आणि जेवणाची मुलांच्या पंगतीत होईल. येताना शाईचा पॅड आणि पोचपुस्तक आणता आले तर आणावे; आमच्याकडची नेहमी कमी पडतात.